पद्धत आली, हे कशावरून ओळखावे?

माझा एक मित्र महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. मी रसायनशास्त्रातला. काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवसांत त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या टेबलावर प्रात्यक्षिकाच्या जर्नलांचा गठ्ठा पडला होता, आणि तो दुसऱ्या कामात असल्यामुळे मी ती चाळत बसलो.

प्रत्येक जर्नलात एक प्रयोग होताच, तो म्हणजे म्युलर-लायर भ्रम. समान लांबीच्या दोन रेषा घ्यायच्या. एकीच्या टोकांना बाणासारखी आत वळलेली पाती काढायची, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारी. मग बाहेर उघडणाऱ्या पात्यांची रेषा लांब वाटते. फ्रान्झ म्युलर-लायर याने १८८९ साली ही आकृती प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. विद्यार्थी जोड्यांनी बसतात. एक जण प्रयोगकर्ता, दुसरा प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. प्रयोज्य सरकती पट्टी मागेपुढे करून दोन्ही रेषा सारख्या करतो आणि त्याची चूक किती मिलिमीटर झाली ते प्रयोगकर्ता नोंदवतो.

तीसेक जर्नले पाहिल्यावर मला एक गोष्ट खटकली. सगळ्यांचे उत्तर पुस्तकाप्रमाणे आले होते. एकाचाही आकडा आडवातिडवा नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत एकाच बाटलीतल्या द्रावणाचे अनुमापन तीस मुलांनी केले तरी एवढे एकमत होत नाही! मी मित्राला विचारले, तर तो हसून म्हणाला, “अरे, ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही त्याच वर्गातला. त्याने तो धडा वाचलेला असतो.”

त्याच्याजवळ गुणांचा तक्ता होता. उद्देश, साहित्य, कृती, आकडेमोड, आलेख, निष्कर्ष आणि तोंडी परीक्षा असे रकाने होते. सगळे रकाने रास्तच. पण एक प्रश्न माझ्या मनात राहून गेला. हे सारे गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला संशोधनाची पद्धत आली असे म्हणता येईल का? आणि येत नसेल, तर ते ओळखायचे कसे?

पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की हा प्रश्न मानसशास्त्राला बराच जुना आहे. या शास्त्राने आपल्याच विद्यार्थ्यांना, आणि प्रसंगी आपल्याच प्राध्यापकांनाही, परीक्षेला बसवले आहे. त्याची ही हकिगत.

लाइपझिगहून निघालेली शिस्त

विल्हेल्म वुंट याने १८७९ साली जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, तिथून या विषयाच्या प्रायोगिक शिक्षणाची सुरुवात मानतात. त्याच्याकडे शिकलेला एडवर्ड टिचनर हा इंग्रज १८९२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला. त्याने प्रात्यक्षिकांचे मार्गदर्शक चार खंडांत लिहिले. गुणात्मक प्रयोगांचे दोन खंड १९०१ साली आले आणि संख्यात्मक प्रयोगांचे दोन १९०५ साली. दोन्ही वेळा एक खंड विद्यार्थ्यासाठी होता आणि एक शिक्षकासाठी. विद्यार्थ्यांनी जोडीने बसावे, एकाने प्रयोग करावा, दुसऱ्याने अनुभव सांगावा, मग अदलाबदल करावी, ही रीत त्यात दिसते.

आपल्या देशातही हीच परंपरा आली. कलकत्ता विद्यापीठात १९१५-१६च्या सुमारास प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याची धुरा नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्याकडे होती. ते हार्वर्डमध्ये ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले होते, आणि म्युन्स्टरबर्ग हे वुंटचे शिष्य. म्हणजे माझ्या मित्राच्या टेबलावरच्या जर्नलांची वंशावळ लाइपझिगपर्यंत नेता येते.

या शिस्तीची त्या काळी गरज होती. मनाचे मोजमाप होऊच शकत नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना उत्तर द्यायचे तर उपकरण नीट हाताळणारे, शंभर वेळा तीच कृती न कंटाळता करणारे आणि नोंद चोख ठेवणारे विद्यार्थी हवे होते. तेव्हा मूल्यमापनही हाताच्या कसबाचे आणि वहीचे झाले. हे कसब लागतेच. पण पद्धतीचा गाभा त्याच्याही पलीकडे आहे, हे त्याच सुमारास बर्लिनमधल्या एका घोड्याने दाखवून दिले.

गणित करणारा घोडा

विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक होते. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला अनेक वर्षे चिकाटीने शिकवले. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, तारीख विचारा, हान्स पुढचा खूर आपटून उत्तर देई आणि बरोबर आकड्याला थांबे. लोकांची रीघ लागली. ऑस्टेन यांनी कधी पैसे घेतले नाहीत. ते फसवत नव्हते, त्यांचा आपल्या विद्यार्थ्यावर मनापासून विश्वास होता.

१९०४ सालच्या सप्टेंबरात १३ जणांच्या एका समितीने हान्सची पाहणी केली. त्यात बर्लिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ होते, तसेच प्राण्यांची उत्तम जाण असलेली मंडळीही होती. यात लबाडी किंवा जाणूनबुजून केलेल्या खुणा नाहीत, असा निर्वाळा समितीने दिला. तो खराही होता. पण मग घोडा उत्तरे देतो कशी, हा प्रश्न तसाच राहिला. तो श्टुम्फ यांनी आपला तरुण विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट याच्याकडे सोपवला.

फुंग्स्टने काय केले पाहा. त्याने घोड्याला आणखी अवघड गणिते घातली नाहीत. त्याने प्रश्न विचारणाऱ्याची स्थिती बदलली. अंकाचे कार्ड घोड्याला दाखवायचे, पण ते कधी विचारणाऱ्यालाही दिसेल असे धरायचे आणि कधी त्याला मुळीच दिसणार नाही असे. विचारणाऱ्याला अंक ठाऊक असताना हान्सची शंभरातली ९८ उत्तरे बरोबर आली. ठाऊक नसताना शंभरात ८. घोड्याला झापडे लावून विचारणारा त्याच्या नजरेआड ठेवला, तेव्हाही हान्स चुकू लागला.

हान्सला गणित येत नव्हते, त्याला माणूस वाचता येत होता. प्रश्न विचारला की माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे झुकतो, घोडा आपटू लागतो. अपेक्षित आकडा आला की माणसाचे डोके नकळत जरासे वर होते, घोडा थांबतो. ही हालचाल इतकी सूक्ष्म होती की ती करणाऱ्यालाही कळत नसे. खुद्द फुंग्स्टच्या बाबतीतही ती होत होती. नंतर त्याने प्रयोगशाळेत स्वतः घोड्याची भूमिका घेतली. लोकांनी मनात अंक धरायचा आणि त्याने बोटाने टकटक करून तो ओळखायचा. बहुतेकांच्या डोक्याची तशीच हालचाल त्याला टिपता आली. हे सारे त्याने १९०७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

समितीतल्या लोकांजवळ अनुभव होता, प्रामाणिकपणा होता. फुंग्स्टजवळ आणखी एक गोष्ट होती. “हे उत्तर दुसऱ्या कशामुळे आले असेल का?” असे विचारून, ते तपासता येईल अशी मांडणी त्याने रचली. संशोधनाचे कौशल्य म्हणतात ते हेच.

बारा विद्यार्थी, साठ उंदीर

हान्सची गोष्ट मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाऊ लागली. ती शिकलेला विद्यार्थी स्वतः सावध होतो का? अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा विद्यापीठात रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी केलेला एक प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध झाला, त्यातून याचे उत्तर मिळते.

रोझेन्थाल यांना या विषयाची ओढ लागली ती स्वतःच्या चुकीमुळे. १९५६ साली पूर्ण केलेल्या पीएच.डी.च्या कामात, आपल्या अपेक्षेचा परिणाम आपल्याच प्रयोज्यांवर झाला असावा, अशी शंका त्यांना आकडे तपासताना आली. बहुतेकांनी ती झाकली असती. त्यांनी तिचाच पाठपुरावा केला.

प्रायोगिक मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिक वर्गातले १२ विद्यार्थी घेतले. प्रत्येकाला पाच पांढरे उंदीर दिले. आधी सिद्ध झालेले निष्कर्ष पुन्हा पडताळण्याचा तुम्हाला सराव व्हावा म्हणून हा प्रयोग आहे, असे त्यांना सांगितले. सहा जणांना सांगितले की तुमचे उंदीर वाट शोधण्यात हुशार अशा वाणाचे आहेत. उरलेल्या सहांना सांगितले की तुमचे मठ्ठ वाणाचे आहेत. प्रत्यक्षात सगळे उंदीर साधेच होते, हुशार आणि मठ्ठ ही नावे नुसती वाटली होती. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या मार्गात गडद रंगाच्या बाजूकडे वळले की खाऊ मिळे. रोज दहा वेळा, पाच दिवस.

पाच दिवसांची सरासरी काढली तेव्हा ‘हुशार’ उंदरांची दिवसाकाठी २.३ वळणे बरोबर आली, ‘मठ्ठ’ उंदरांची १.५. ‘मठ्ठ’ उंदीर जागचे न हलण्याचे प्रमाणही अधिक होते. नंतर विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली. हुशार म्हणून मिळालेले उंदीर त्यांना अधिक गोड वाटले होते, त्यांना त्यांनी अधिक वेळा आणि अधिक हळुवार हाताळले होते. परीक्षा उंदरांची आहे असे विद्यार्थ्यांना वाटत होते, ती त्यांचीच होती.

इथे चौकस वाचक म्हणेल, “पण विद्यार्थी तर बाराच! सहा एका बाजूला, सहा दुसऱ्या.” शंका अगदी योग्य आहे. एवढ्या थोड्या माणसांवरून फार मोठे विधान करू नये. हाच प्रश्न आपल्या विद्यार्थ्याने न सांगता विचारला, तर त्याला पद्धत येऊ लागली असे समजावे.

या कामाचा शाळेशी थेट संबंध आला. रोझेन्थाल यांचा लेख वाचून कॅलिफोर्नियातल्या लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिकेने त्यांना पत्र लिहिले, आणि दोघांनी तिच्या शाळेत प्रयोग केला. काही मुलांची नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून, ही मुले यंदा चमकतील, असे शिक्षकांना सांगितले. ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ हे त्यावरचे पुस्तक १९६८ साली आले आणि खूप गाजले. त्या वर्षाअखेरच्या बुद्धिचाचणीत पहिली-दुसरीतल्या अशा मुलांची वाढ इतरांपेक्षा जास्त दिसली होती. पण चाचणीच्या आणि आकडेमोडीच्या पद्धतीवर लगेच कडक टीकाही झाली. लहान वयाच्या मुलांसाठी वापरलेली चाचणी विश्वासार्ह नव्हती, असा एक मुख्य आक्षेप होता. पुढच्या दशकांत झालेल्या अभ्यासांचा एकत्रित विचार केला तर शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम होतो, पण तो सहसा लहान असतो, असे दिसते. पुस्तक गाजणे आणि निष्कर्ष पक्का असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही विद्यार्थ्याला कळायला हवे.

दोन, चार, सहा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पीटर वेसन यांनी १९६० साली एक साधा खेळ प्रसिद्ध केला. तो आपणही वर्गात करून पाहू शकता. फळ्यावर २, ४, ६ असे आकडे लिहा. सांगा की हे आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तो नियम ओळखण्यासाठी तुम्ही तीन तीन आकडे सुचवायचे, मी फक्त बसतात की नाही एवढेच सांगेन. खात्री झाली की नियम बोलून दाखवायचा.

मुले ८, १०, १२ म्हणतात. बसतात. २०, २२, २४ म्हणतात. बसतात. मग कोणीतरी आनंदाने सांगतो, “दोन दोनने वाढणारे आकडे!” नियम तो नसतो. मनातला नियम असतो, चढत्या क्रमाने येणारे कोणतेही तीन आकडे. १, ७, १०० हेही चालले असते. पण आपला अंदाज खोटा पाडू शकेल असे आकडे बहुतेकांनी सुचवलेलेच नसतात.

वेसन यांच्या प्रयोगात २९ जण होते, आणि ते मानसशास्त्राचे पदवीचे विद्यार्थी होते. पहिल्याच घोषणेत बरोबर नियम सांगणारे निघाले ६. गृहीतक म्हणजे काय, ते कसे पडताळतात, हे ज्या वर्गात शिकवले जाते त्याच वर्गातली ही मुले.

पुढे १९८७ साली क्लेमन आणि हा या दोघा संशोधकांनी दाखवले की आपल्या अंदाजाला जुळणारी उदाहरणे तपासणे हा नेहमीच दोष नसतो, पुष्कळदा तो शहाणा मार्ग असतो. वेसन यांचा नियम मुद्दाम इतका सैल होता की तिथे ही रीत फसते. म्हणजे या खेळाचे गुण ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे देऊन भागणार नाही. विद्यार्थ्याने कोणते आकडे का सुचवले, हे ऐकावे लागेल. वेसन यांनीही आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येक वेळी कारण लिहायला सांगितले होतेच.

प्राध्यापकही परीक्षेला

विद्यार्थ्यांनाच कशाला नावे ठेवा? एमस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७१ साली छापलेल्या एका लेखासाठी व्यावसायिक मानसशास्त्रज्ञांच्या बैठकांत एक प्रश्न विचारला होता. समजा, २० जणांवर प्रयोग करून तुम्हाला एक निष्कर्ष मिळाला. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीला तो बऱ्यापैकी उतरला. आता आणखी १० जणांवर तोच प्रयोग केला, तर त्या दहांवरूनही निष्कर्ष कसोटीला उतरण्याची शक्यता किती?

उत्तरांतले मधले मूल्य होते १०० पैकी ८५. हिशेबाने ते ५०च्या आतबाहेर, नेमके म्हणजे ४८च्या आसपास येते. ८४ जणांपैकी ४० ते ६० यांच्या दरम्यान उत्तर देणारे अवघे ९ होते. या मंडळींना सूत्रे येत नव्हती असे नाही, बरेच जण ती शिकवत होते. लहान नमुनाही मोठ्यासारखाच भरवशाचा असतो, असा त्यांचा सहज विश्वास होता. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा म्हटले असते तर उत्तर निराळे आले असते. पण रोजच्या कामात, पुढच्या प्रयोगात किती माणसे घ्यायची हे ठरवताना, माणूस त्या सहज विश्वासावरच चालतो.

इथे आपल्या प्रश्नाचे एक टोक हाती लागते. सूत्र माहीत असणे आणि ते वेळेवर आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखी परीक्षा पहिली तपासते. दुसरी कशी तपासायची?

परीक्षा आहे हे न सांगता घेतलेली परीक्षा

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात रिचर्ड निस्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर नामी युक्ती काढली. फाँग, क्रँट्झ आणि निस्बेट यांचा १९८६ सालचा एक लेख आहे. संख्याशास्त्राच्या प्राथमिक वर्गातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी घरी दूरध्वनी केला. काहींना सत्राच्या सुरुवातीला, काहींना अखेरीला. खेळांविषयी मते गोळा करत आहोत, असे सांगितले. वर्गाचा, शिक्षकांचा उल्लेखही नाही. एक प्रश्न असा होता: बेसबॉलमध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरलेला खेळाडू दुसऱ्या वर्षी बहुधा तितका चमकत नाही, हे का?

बहुतेकांच्या तोंडी येणारे उत्तर म्हणजे यश डोक्यात जाते, मेहनत कमी होते. पण दुसरेही उत्तर आहे. पहिल्या वर्षीच्या त्या विलक्षण कामगिरीत कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा होता, आणि नशीब दर वर्षी तेवढीच साथ देत नाही. सहामाहीत पहिल्या आलेल्या मुलाचे वार्षिकला थोडे गुण कमी झाले की आपण “शेफारला” म्हणतो, तिथेही हाच विचार करून पाहायला हवा. सत्राच्या अखेरीला दूरध्वनी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या काही उत्तरांत हा विचार अधिक दिसला. वर्गात शिकलेले घरी, बेसावध असताना, खेळाच्या गप्पांत उतरले होते.

पुढे लेहमन, लेम्पर्ट आणि निस्बेट यांनी १९८८ साली पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मानसशास्त्र, वैद्यक, कायदा आणि रसायनशास्त्र अशा चार शाखा होत्या. प्रश्न रोजच्या जीवनातले होते. एका प्रश्नात एका शहराचा पोलीसप्रमुख आल्यापासून गुन्हे १२ टक्क्यांनी घटले आहेत. म्हणून तो लायक आहे, या म्हणण्यातली हवा सर्वांत जास्त कोणता पुरावा काढेल, हे दिलेल्या पर्यायांतून निवडायचे होते. जाणकार विद्यार्थी शेजारच्या, तेवढ्याच मोठ्या शहरांकडे वळतो. तिथे त्याच काळात गुन्हे त्याहूनही जास्त घटले असतील तर पुरावा भक्कम. प्रयोगशाळेत ज्याला आपण नियंत्रित गट म्हणतो, तो इथे शेजारच्या गावांच्या रूपाने उभा आहे. प्रश्नात ‘नियंत्रित गट’ हा शब्द मात्र कुठेही नाही.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे या प्रकारच्या प्रश्नांतले गुण पहिल्या ते तिसऱ्या वर्षात सुमारे ७० टक्क्यांनी वाढले. वैद्यकाच्याही विद्यार्थ्यांत वाढ दिसली. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांत दिसली नाही. हे वाचून माझा अभिमान थोडा दुखावला, पण संशोधकांनी दिलेले कारण पटण्यासारखे आहे. आमच्या परीक्षानळीतली कारणे बरीचशी ठाम असतात, म्हणून अनिश्चिततेशी झगडण्याची सवय आम्हाला शिक्षणातून कमीच लागते. मन आणि शरीर यांचा अभ्यास करणाऱ्याला ती रोज लागते.

१९९० साली लेहमन आणि निस्बेट यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांनाही असेच तपासले. तीच मुले पहिल्या वर्षी आणि चौथ्या वर्षी. मानसशास्त्र आणि इतर सामाजिक शास्त्रे घेतलेल्यांची या विचारातली प्रगती सर्वांत ठळक होती. कोणी कोणती शाखा घ्यावी हे संशोधक ठरवू शकत नव्हते, ती मुलांनीच निवडलेली होती, ही या अभ्यासाची मर्यादा ध्यानात ठेवू. १९९७ साली व्हँडरस्टोप आणि शॉनेसी यांनी आणखी जवळून पाहिले. संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम घेतलेले आणि विकासात्मक मानसशास्त्राचा घेतलेले, असे दोन वर्ग त्यांनी सत्राच्या आरंभी आणि अखेरीला तपासले. रोजच्या घटनांवर विचार करण्यात पद्धतीच्या वर्गाची प्रगती अधिक झाली. म्हणजे हे कौशल्य शिकवता येते, आणि योग्य प्रश्न विचारला तर मोजताही येते.

हे एवढे महत्त्वाचे का?

२०१५ साली अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० छापील प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ लेखांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला होता. पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांत उतरला. मूळ संशोधक लबाड होते असा याचा अर्थ नाही. फॉन ऑस्टेनही लबाड नव्हते. आपल्याला हवे ते उत्तर आले की तपासणी थांबवायची, ही माणसाची जुनी खोड आहे, आणि पदवीच्या वर्गात ती घालवली नाही तर पुढे संशोधनपत्रिकेपर्यंत जाते.

शाळेच्या दृष्टीने धोका आणखी जवळचा आहे. आज पदवीच्या वर्गात म्युलर-लायरची पट्टी सरकवणारा विद्यार्थी उद्या समुपदेशक होऊन आपल्याच शाळेत येईल. मुलांना चाचण्या देईल, आणि एखाद्याच्या कागदावर ‘बुद्धी सामान्यापेक्षा कमी’ असे लिहील. तो शेरा लिहिण्यापूर्वी त्याने स्वतःला विचारले का, की चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत होती का, मूल त्या दिवशी घाबरले होते का, माझ्या चेहऱ्यावर आधीच काही उमटले होते का? उंदराला मठ्ठ म्हटल्याने उंदराचे फारसे बिघडत नाही. मुलाच्या शेऱ्याचे ओझे त्याच्या घरापर्यंत जाते.

तक्त्यातला एक रकाना

या इतिहासातून आपल्या उपयोगाचे काय घ्यावे? मला तीन गोष्टी सुचतात. प्रयोगापूर्वीच विद्यार्थ्याकडून दोन वाक्ये लिहून घ्यावीत: मला काय अपेक्षित आहे, आणि काय आले तर माझी अपेक्षा चुकली असे मी मानेन. दुसरे, परीक्षेत पाठ्यपुस्तकातल्या प्रयोगाऐवजी वर्तमानपत्रातला एखादा दावा द्यावा आणि ‘चल’, ‘नमुना’ असे इशारे देणारे शब्द न वापरता, हे पटते का आणि का, एवढेच विचारावे. तिसरे, जिथे शक्य तिथे अपेक्षित उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाकडून नोंद करून घ्यावी. फुंग्स्टचे कार्ड एवढेच सांगते. यातले काहीच खर्चिक नाही, आणि शाळेतल्या विज्ञानाच्या तासालाही हे चालेल.

माझ्या मित्राने पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेत एक प्रश्न वाढवला: “तुझा निष्कर्ष पुस्तकाशी जुळला. तो दुसऱ्या कशामुळे जुळला असेल?” बहुतेक मुले गोंधळली. काहींनी उपकरणाची चूक सांगितली. एक मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सर, माझी प्रयोज्य माझी मैत्रीणच होती. तिला उत्तर माहीत होते. आणि पट्टी बरोबर जागी आली की मी लिहायला पेन उचलत होते, ते तिला दिसत होते.”

बर्लिनचा हान्स तिने कदाचित वाचलाही नसेल. मित्राने तिच्या नावापुढे गुण द्यायला तक्ता पाहिला, तर या उत्तरासाठी त्यात रकाना नव्हता. त्याने समासात पेनने एक रेघ मारून तो आखला.